शेवटच्या चार ओळी

मार्च अर्धा सरला की आमच्या वसतिगृहात कूलर बाहेर निघतात. वर्षभर जिन्याखाली पडलेले, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेले. वॉचमनकाका त्यांच्या कुजलेल्या ताट्या काढून नव्या बसवतात, वरून बादलीभर पाणी सोडतात आणि सगळ्या मजल्यावर वाळ्याचा ओला वास पसरतो. मुली दारं उघडून त्या वासात उभ्या राहतात. मला गेल्या वर्षापासून तो वास नकोसा होतो. तो आला की परीक्षा आली, आणि परीक्षेच्या आधी मला प्रणालीची आई आठवते. आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासमोर उभी, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला, ओठ हलवत वाचणारी.

जे घडलं ते सांगायला गेलं तर फार लहान आहे. मी एका कवितेच्या शेवटच्या चार ओळी गाळल्या आणि त्या जागी माझ्या दोन ओळी लिहिल्या. त्या चार ओळी माझी मैत्रीण प्रणाली हिने आपल्या आईने वाचाव्यात म्हणून लिहिल्या होत्या. आईने वाचल्या त्या माझ्या दोन.

मी मौद्याकडची. बाबा तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर जातात. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर राख असते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे मला अजूनही नीट कळत नाही. वर्गात मी हात वर करत नाही. पण माझं अक्षर चांगलं आहे. वळणदार, सरळ रेषेत जाणारं. पहिल्या वर्षी मराठीच्या मॅडमनी ते पाहिलं आणि तेव्हापासून भित्तिपत्रक मीच लिहिते. जिला बोलता येत नाही तिला लिहायला तरी मिळालं, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. अंतर्गत गुणांसाठी मॅडमनी निबंधाऐवजी नवीनच काम दिलं. काळ्या मुखपृष्ठाची एक अनुवादित कादंबरी त्यांनी टेबलावर ठेवली. "ही तुमच्याच वयाच्या मुलीची आहे," त्या म्हणाल्या. "परीक्षण नको, सारांश नको. वाचा, आणि कवितेतून तिला उत्तर द्या."

मागून एका मुलाने विचारलं, "मॅडम, उत्तर गाइडमध्ये भेटल का?" सगळे हसले. मी हसले नाही, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

ग्रंथालयात एकच प्रत होती. प्रणाली आणि मी एका खोलीत राहत होतो, म्हणून आम्ही दोघींच्या नावावर ती आळीपाळीने घेतली. प्रणाली सावनेरजवळच्या एका गावातली. ती सावकाश वाचायची आणि मोठ्याने वाचायची. दुपारी वीज गेलेली असायची. खिडकीला ओला दुपट्टा बांधून आम्ही फरशीवर पडायचो. फरशीसुद्धा कोमट. बाहेर रस्त्यावर एक माणूस नाही, फक्त कडुनिंबाचा बारीक फुलोरा गळत राहायचा आणि प्रणालीचा आवाज चालू.

कादंबरी अशी होती. सोळा वर्षांच्या मुलीची मोठी बहीण तळ्यात बुडून मरते. घरचे सांगतात, पाय घसरला. गावही तेच सांगतं. पण त्या मुलीला आठवतं की आदल्या दिवशी बहिणीने आपल्या सगळ्या वस्तू वाटून टाकल्या होत्या. ती कुणालाच काही विचारू शकत नाही. शेवटच्या पानावर ती शाळेत जाते, हजेरी घेताना शिक्षिका चुकून बहिणीचं नाव घेतात, आणि ही उठून म्हणते, "हजर." बस. तिथे पुस्तक संपतं. ती बरी होत नाही, कुणी तिला जवळ घेत नाही.

ते पान वाचल्यावर प्रणालीने पुस्तक पोटावर उलटं ठेवलं.

"त्याइचं बरं हाये वं," ती म्हणाली. "चुकून का होईना, कोनी नाव तं घेते."

मला वाटलं, ती कादंबरीबद्दल बोलते आहे.

प्रणाली तिच्या ताईबद्दल पुष्कळ बोलायची. ताई कळमेश्वरला दिलेली. ताईला पातोडीचा रस्सा आवडतो. ताई हसली की नाकाला हात लावते. ताईची पोरगी दीड वर्षाची आहे, अगदी ताईसारखी. असं सगळं ती सांगायची, "आहे" म्हणून सांगायची. मी ऐकायचे. ताईचा फोन कधी येत नाही, दिवाळीत ताई माहेरी आली नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी कधी विचारलं नाही. मोठ्या शहरात राहायला आल्यावर दुसऱ्याच्या घरचं विचारू नये, असं मी कुठूनतरी शिकले होते.

मॅडमनी वर्गाच्या कवितांमधून बारा निवडल्या आणि तो गठ्ठा माझ्याकडे दिला. सोमवारी भित्तिपत्रकाचं उद्घाटन होतं, प्राचार्य येणार होते. "जागा कमी आहे," मॅडम घाईत म्हणाल्या. "कुणाची लांबली असेल तर जरा आवर. आणि शेवट अगदीच काळे ठेवू नका गं. मुलांनी वाचायचंय."

शनिवारी प्रणाली गावी निघाली. बॅगेची चेन लागत नव्हती, ती गुडघ्याने दाबत होती. "सोमवारी आईले घेऊन येतो," ती म्हणाली. "माही कविता जरा मोठ्या अक्षरात लिहिजो. आई चौथी शिकली हाये. बारीक वाचता येत नाही तिले."

"आईले दाखवाले आणते का?" मी विचारलं. "एवढी हौस?"

"हौस नाही वं," ती म्हणाली आणि चेन ओढून निघून गेली.

रविवारी मेसच्या टेबलावर मी कार्डशीट पसरली. पेन्सिलने रेघा आखल्या. प्रणालीची कविता सोळा ओळींची होती. पहिल्या बारा ओळींत एक मुलगी रिकाम्या घरात बहिणीच्या वस्तूंवरून हात फिरवत जाते. त्या ओळी सुंदर होत्या, माझ्याच्याने तशा झाल्या नसत्या. मग शेवटी हे होतं:

सगळे म्हणतात स्टोव्ह भडकला.
ताईच्या घरी गॅस होता.
आईला माहीत आहे.
मलाही माहीत आहे.

मी अडखळले. कादंबरीत स्टोव्ह नव्हता. बहीण तळ्यात बुडाली होती. मला वाटलं, प्रणालीने मधली पानं नीट वाचली नाहीत, काहीतरी घोटाळा केला, आणि आता प्राचार्यांसमोर तिची चूक भिंतीवर लागणार. पुस्तकात आहे तेच उत्तरात यायला हवं, एवढं एक मला शाळेपासून पक्कं ठाऊक होतं. शिवाय कवितेत गॅस कसा येईल? मी तिला फोन लावला, तिच्या गावात रेंज नव्हती. मग मी तिच्या कागदावर त्या चार ओळींवरून पेन्सिलची एक फिकट रेघ मारली आणि कार्डशीटवर निळ्या पेनाने, मोठ्या अक्षरात लिहिलं:

काळोख सरेल, उगवेल सूर्य नवा,
अंगणी फुलेल मोगऱ्याचा ताटवा.

मला त्या ओळी आवडल्या होत्या, हेही सांगून टाकते. मैत्रिणीला वाचवल्याचा आनंद झाला होता.

नववीत "मी पाहिलेला अपघात" हा निबंध होता. मी मौद्याच्या फाट्यावर खरंच एक अपघात पाहिला होता. सायकलवाला माणूस, डब्यातली पोळी डांबरावर पडलेली. तो माणूस तिथेच गेला. पण निबंधात मी त्याला दवाखान्यात नेलं, शुद्धीवर आणलं, आणि शेवटी तो घरी जाऊन मुलांना भेटतो असं लिहिलं. बाईंनी दहापैकी नऊ दिले आणि वर्गात वाचून दाखवला. तेव्हापासून शेवटी सगळ्यांना बरं करायची मला सवय लागली असावी.

सोमवारी साडेअकराला उद्घाटन झालं. फीत कापली, फोटो निघाले, पाहुणे चहाला गेले. मग प्रणालीची आई पुढे झाली. हिरवं लुगडं, पायात नवी चप्पल, ती टाचेला लागत होती. प्रणाली तिच्या बाजूला उभी राहिली, पण भिंतीकडे पाठ करून. ती कविता पाहतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे पाहत होती.

आईने हळूहळू वाचलं. मधेच एकदा तिने पदर घट्ट धरला, मी ते पाहिलं. मग शेवटापर्यंत गेली. एक श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि ती प्रणालीला म्हणाली, "चांगली हाये, पोरी."

प्रणाली वळली. तिने भिंतीवरची शेवटची ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी हसत उभी होते.

आईला दुपारच्या एसटीत बसवून ती परत आली तेव्हा मी गच्चीवर कपडे काढत होते. ऊन उतरलं होतं, पण गच्ची तापलेलीच होती, तिला चपलेतूनही चटका लागत असेल. ती टाकीला टेकून उभी राहिली.

"माह्या कवितेले दवा पाजली का वं तू?"

मी म्हटलं, "अगं, स्टोव्ह कुठे होता पुस्तकात? तुझे मार्क गेले असते."

मग ती जे बोलली ते अगदी हळू, जसं दुसऱ्याचं सांगावं तसं. ताईला जाऊन चौदा महिने झाले. सासरच्यांनी सांगितलं, स्टोव्ह भडकला. पोलिसांसमोर आईनेही तेच सांगितलं. त्यानंतर घरात ताईचं नाव कुणी काढलं नाही. प्रणालीने तीनदा विषय काढला, तीनही वेळा आई उठून मोरीत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

"तोंडानं बोलली असती तं तिनं आयकलं नसतं," प्रणाली म्हणाली. "भिंतीवर असन तं वाचाच लागन, असं वाटलं मले. लोकाइच्या मधात उठून जाता येत नाही."

तिने माझ्या हातातले वाळलेले कपडे घेतले, आपले वेगळे केले आणि खाली गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. आम्ही त्याच खोलीत राहून पेपर दिले. मी सकाळी कूलरमध्ये पाणी भरायचे, ती दुपारी भरायची. मॅडमनी तिला म्हटलं, "शेवट बदललास वाटतं? पहिला जास्त..." आणि त्या थांबल्या, त्यांना वाटलं तिनेच बदलला. प्रणालीने मान हलवली. माझं नाव घेतलं नाही. शेवटच्या पेपरनंतर ती ट्रंक घेऊन गेली, आणि तिसऱ्या वर्षाला आलीच नाही. सावनेरला झेरॉक्सच्या दुकानात लागली, एवढं मला कळलं.

यंदा पुन्हा मार्च. पुन्हा मॅडमनी गठ्ठा दिला, वेगळी कादंबरी, वेगळ्या मुली. पेनं शोधायला मी कपाट उघडलं तर तळाशी गेल्या वर्षीच्या बारा कविता होत्या. खाली बसून सगळ्या वाचल्या. दहा कवितांत शेवटी पहाट होते. मुलांनी स्वतःच केलेली. अकरावी माझी, तिच्यातही पहाट. त्या काळ्या पुस्तकातल्या मुलीला आम्ही सगळ्यांनी मिळून धीर दिला होता, आणि तिचं ऐकलं मात्र एकीनेच होतं. प्रणालीचा कागद सगळ्यात खाली होता. चार ओळींवर माझी पेन्सिलची रेघ. मी खोडरबर घेतला, मग तो परत ठेवला.

तीन दिवस धीर झाला नाही. चौथ्या दिवशी फोन केला.

"कागद सापडला तुझा," मी म्हटलं.

मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. "कोन्ता?" असं तिने विचारलं नाही.

"फोटो काढून पाठवू का?"

"नोको. फोटो नोको." मशीन थांबलं. "आणून दे. रविवारी दुपारी जेवाले घरी राहतो मी."

सावनेरच्या रस्त्याला पळस संपत आला होता. झाडांवर थोडा, खाली वाळून काळपट झालेला जास्त. कोळशाचे ट्रक जात होते, त्यांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या आणि प्रत्येक ट्रकमागे एसटीच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत होत्या. कागद मी वहीत ठेवला होता आणि वही छातीशी. वाटेत दोनदा वाटलं, उतरून परत जावं.

मी पोचले तेव्हा प्रणाली आलेली नव्हती. आई ओसरीत पोतं अंथरून लाल मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिने वर पाहिलं.

"तू ते लिवणारी पोरगी ना वं? चांगल्या अक्षराची?"

"हो, काकू."

"बस. तिकडं बस, ठसका लागन."

मी दूर बसले तरी ठसका लागलाच. तिने पाण्याच्या माठाकडे हनुवटीने दाखवलं, हात दाखवला नाही. तिची बोटं लाल झाली होती.

"त्या कवितेचा शेवट तिनं नव्हता लिवला," ती एकदम म्हणाली. मान खालीच.

मला वाटलं होतं की असं कुणी विचारलं तर मी खूप काही सांगेन. मी एवढंच म्हणाले, "नाही. मी लिहिला."

"वाटलंच मले. माह्या पोरीले मोगरा-बिगरा सुचत नाही. आमच्या दारात बाभूळ हाये." ती किंचित हसली, मग हसू गेलं. "एवढ्या लांब पोरगी कायले बोलावते, ते घरून निंघतानाच समजली होती मी. वाचत गेली, वाचत गेली. आता येईन, आता येईन. अन् मोगरा आला."

तिने एक मिरची उलटसुलट करून पाहिली. "बरं वाटलं मले त्या घडीले. सुटली म्हटलं. मंग घरी येऊन घास उतरला नाही."

मी वही घट्ट धरली. कागद तिलाच द्यावा असं फार वाटलं. तिने हात पुढे केला असता तर दिलाही असता कदाचित. पण तो माझा नव्हता, आणि कुणी काय वाचावं हे मी एकदा ठरवून बसले होते.

"नात त्याइच्याच घरी हाये," ती म्हणाली. "दोन महिन्यातून एकदा दाखवते. आपून तोंड उघडलं तं तेही बंद." एवढं सांगून ती पुन्हा देठ खुडायला लागली.

प्रणाली आली. चेहऱ्याला बांधलेला दुपट्टा सोडला, माझ्याकडे पाहून "आली का," म्हणाली. पहिल्यापेक्षा वाळली होती. मी कागद काढून तिच्या हातात दिला. तिने तो उघडला, माझी पेन्सिलची रेघ पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला. वाचला नाही. सरळ आईपुढे जाऊन बसली.

"हात धू, आई."

आई तिच्याकडे पाहत राहिली. मग उठली. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला, थांबला. मला वाटलं, आता भांड्यांचा आवाज येईल. आला नाही. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि खाली बसून तिने कागद घेतला.

ती एकेक अक्षर जोडत, मोठ्याने वाचत होती. मी भिंतीकडे पाहत होते. बाराव्या ओळीनंतर ती थांबली, कागद डोळ्यांजवळ नेला, पेन्सिलच्या रेघेखालचं वाचायला.

"सगळे म्हणतात... स्टोव्ह... भडकला." श्वास घेतला. "ताईच्या घरी... गॅस... होता."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुतले तरी मिरचीचेच हात, म्हणून ती डोळ्यांना लावत नव्हती.

"होता," ती म्हणाली. "शेगडी आपूनच देल्ली होती आंदणात. मी पुसून देल्ली होती."

प्रणालीचा आवाज अगदी लहान झाला. "अजून दोन ओळी हायेत, आई."

आईने कागदाकडे पाहिलं नाही. ती प्रणालीकडे पाहत होती.

"माहीत हाये मले," ती म्हणाली.